वाजवितो कोण?

मंठा हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. जालन्याहून जिंतूरकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. तुळशीचे लग्न झाले, की येथे लग्नसराई सुरू होते आणि मग एकाच संध्याकाळी दोन-दोन, तीन-तीन वराती रस्त्याने निघालेल्या दिसतात. त्यांतील एखाद्या वरातीपुढे बँड असतो. सर्वांत पुढे क्लॅरिनेट वाजविणारा मास्तर, त्याच्या मागे पितळी कर्णे फुंकणारे, त्यांच्या मागे ढोल आणि झांजा वाजविणारे. सर्वांच्या अंगात झालरीचा गणवेश असतो, गाल फुगलेले असतात आणि कपाळावरून घाम निथळत असतो. थोड्या वेळाने दुसरी वरात येते. तिच्यापुढे एक टेम्पो असतो. त्यावर स्पीकरच्या भल्यामोठ्या पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. रंगीबेरंगी दिवे उघडझाप करीत असतात. त्या पेट्यांच्या आडोशाला एक तरुण, कानांवर हेडफोन चढवून, एका लहानशा यंत्रावरील बटणे फिरवीत असतो. लोक त्याला ‘डीजे’ म्हणतात. आणि गंमत अशी, की त्या टेम्पोलाही ‘डीजे’च म्हणतात.

पहिल्या वरातीत कोण वाजवितो, हे लहान मूलही बोट दाखवून सांगेल. दुसऱ्या वरातीत मात्र तसे सांगता येत नाही. त्या टेम्पोवर ढोल नसतो, क्लॅरिनेट नसते, गायकही नसतो. तरीही ढोलाचा ठोका छातीवर आदळतो आणि गाणे साऱ्या पेठेत घुमते. मग तो तरुण तेथे करतो तरी काय? तो वाजवितो, की यंत्र आपले आपण वाजते आणि तो नुसता शेजारी उभा असतो?

हा प्रश्न मंठ्याच्या रस्त्यापुरता नाही. गोव्यात कांदोळीच्या समुद्रकिनाऱ्यावर २००७ साली ‘सनबर्न’ नावाचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा महोत्सव सुरू झाला. पुढे २०१६ साली तो पुण्याजवळ भरला. अशा महोत्सवांना हजारो श्रोते तिकिटे काढून जातात आणि रात्री घरी परतताना त्यांतील कित्येकांच्या मनात हाच प्रश्न असतो : आपण जे ऐकले, ते त्या क्षणी कोणी वाजविले होते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी आवाज कोठून निघतो, हे पाहिले पाहिजे. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती असते. मास्तर फुंकर घालतो तेव्हा ती पत्ती थरथरते, तिच्यामुळे नळीतील हवा थरथरते आणि सूर निघतो. श्वास थांबला, की सूर थांबतो. तबल्यावर थाप पडली तर चामडे थरथरते. सतारीची तार छेडली तर तार थरथरते. इलेक्ट्रॉनिक वाद्यात पत्ती, चामडे किंवा तार यांपैकी काहीच नसते. तेथे विजेचा प्रवाहच सेकंदाला शेकडो वेळा कमी-जास्त होतो. स्पीकरमधील पडदा त्याच गतीने मागेपुढे हलतो, त्याने हवा हलते आणि आपल्या कानाला सूर ऐकू येतो. प्रवाह सेकंदाला ४४० वेळा हेलकावला, तर एक ठरावीक सूर उमटतो. ८८० वेळा हेलकावला, तर तोच सूर वरच्या सप्तकात ऐकू येतो. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली अशा प्रवाहाला हवे तसे वळण देणारे वाद्य तयार केले. त्या जातीच्या वाद्यांना ‘सिंथेसायझर’ म्हणतात. वीज असली, तरी कळ दाबणारे बोट माणसाचेच असते, हे येथे लक्षात ठेवावे.

आता दुसरा प्रकार पाहू. आपल्याकडील ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत ‘ऑक्टोपॅड’ नावाचे वाद्य सर्वांनी पाहिलेले असते. त्यावर रबराच्या आठ चौकोनी गाद्या असतात. वादक दोन काठ्यांनी त्यांवर प्रहार करतो. एका गादीवर काठी पडली, की ढोलकीचा बोल निघतो. दुसरीवर पडली, की झांज वाजते. तिसरीवर पडली, की संबळ बोलते. ही ढोलकी आणि हे संबळ त्या यंत्रात नसतात. कधी काळी कोणा वादकाने मारलेली थाप मुद्रित करून त्यात साठविलेली असते आणि काठी पडताच ती बाहेर येते. म्हणजे आवाज शिळा आहे. परंतु ठोका ताजा आहे. काठी उशिरा पडली, तर ताल चुकतो; हलकी पडली, तर बोल हलका येतो. ऑक्टोपॅड वाजविणाऱ्याचे मनगट सायंकाळभरात भरून येते, यावरूनच तो खरोखर वाजवितो हे समजावे.

तिसऱ्या प्रकारात ठोकाही साठविलेला असतो. कोणता सूर केव्हा, किती वेळ आणि किती जोराने वाजावा, याचा क्रम आधीच यंत्राला लावून दिलेला असतो. कळ एकदा दाबली, की यंत्र तो क्रम न थकता, न चुकता, पुन्हा पुन्हा वाजवीत राहते. मैफलीत खरे किती आणि आधी तयार केलेले किती, याविषयीचा सारा वाद या यंत्रापासून सुरू होतो.

या बाबतीत मुंबईच्या एका वादकाची हकीकत मोठी उद्बोधक आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या संगीतात गिटार आणि कळफलकाची वाद्ये वाजवीत. १९८० च्या सुमारास जपानच्या रोलंड कंपनीने काही नवी यंत्रे बाजारात आणली होती. त्यांतील टीआर-८०८ हे यंत्र ताल वाजवी, टीबी-३०३ हे खर्जातील सुरांची आवर्तने फिरवी आणि ज्युपिटर-८ हा कळफलकाचा सिंथेसायझर होता. चरणजित सिंग यांनी ही तीन यंत्रे एकत्र आणली आणि १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका तयार केली. तीत भैरव आहे, तोडी आहे, यमन आहे, मालकंस आहे. असे दहा राग आहेत. ताल आणि खर्ज यांची आवर्तने त्यांनी यंत्रांना लावून दिली आणि रागाची बढत मात्र स्वतःच्या बोटांनी ज्युपिटरवर केली. खाली यंत्र आणि वर हात, अशी ही वाटणी होती. त्या वेळी या ध्वनिमुद्रिकेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे काही वर्षांनी अमेरिकेतील शिकागो शहरात त्याच टीबी-३०३ यंत्रावर नव्या धर्तीचे नृत्यसंगीत निर्माण झाले आणि ते जगभर गाजले. २०१० साली ही जुनी ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. कारण मुंबईच्या या वादकाने तसलाच नाद आधीच काढून ठेवला होता. उतारवयात त्यांनी युरोपातील रंगमंचांवरही हे संगीत वाजविले. २०१५ साली ते मुंबईत निवर्तले.

चरणजित सिंग यांच्या वादनात कोणता भाग जिवंत आणि कोणता भाग यंत्राचा, हे सहज दाखविता येते. परंतु त्यातून एक सूक्ष्म गोष्ट निघते. आपल्या संगीतात ‘साथ’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. कीर्तनकार बुवा अभंगाची ओळ म्हणता म्हणता मध्येच थांबतात, श्रोत्यांकडे पाहून एखादा दृष्टान्त सांगतात आणि पुन्हा ओळ उचलतात. मृदंगवाला आणि पेटीवाला त्यांच्या तोंडाकडे पाहत असतात. बुवा थांबले, की ते थांबतात. बुवांनी लय वाढविली, की तेही वाढवितात. यालाच साथ म्हणतात. यंत्राला असे पाहता येत नाही. त्याची लय एकदा बांधली, की ते त्याच लयीत चालते. मग माणसालाच यंत्राच्या मागून जावे लागते. म्हणजे साथ यंत्र करीत नाही, माणूस यंत्राची साथ करतो. चरणजित सिंग यांनाही रागाची बढत यंत्राच्या ठोक्यात बसवावी लागली. तेव्हा एखादी मैफल कितपत जिवंत आहे, हे पाहताना वाद्यात वीज आहे की नाही, हे पाहून काही समजत नाही. साथ कोण कोणाची करतो, हे पाहावे.

याच कसोटीमुळे तंबोऱ्याच्या पेटीचा उलगडा होतो. बंगळूरचे जी. राजनारायण हे बासरीवादक आणि अभियंता होते. त्यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनविला. आज गावोगावच्या भजनी मंडळांतही अशी लहानशी पेटी किंवा मोबाइलवरील तंबोरा दिसतो. ती पेटी अखंड सा आणि प झंकारत असते. तरीही ते भजन कोणी यांत्रिक म्हणत नाही. तंबोऱ्याचे काम आधार देण्याचे असते; त्याने मध्येच वळण घ्यावे, अशी कोणाची अपेक्षाच नसते. जुन्या तंबोऱ्याच्या तारांतील गोडवा पेटीत उतरत नाही, अशी जाणत्या गायकांची तक्रार असते, आणि ती खरीही आहे. पण ती गोडव्याविषयीची तक्रार झाली.

आता पुन्हा डीजेकडे वळू. त्याच्यापुढे बहुधा पूर्ण तयार गाणी असतात. त्यांतील एकही सूर तो स्वतः काढीत नाही. मग त्याचे कौशल्य कशात असते? समजा, एक गाणे मिनिटाला १२४ ठोक्यांचे आहे आणि पुढचे १२८ ठोक्यांचे. नाचणाऱ्यांचे पाय न थांबविता एका गाण्यातून दुसऱ्यात जावयाचे आहे. दोन्ही गाणी तशीच एकदम लावली, तर मिनिटाला चार ठोक्यांचा फरक पडेल. म्हणजे दर पंधरा सेकंदांत एक गाणे दुसऱ्याच्या पूर्ण एक ठोका पुढे जाईल. साडेसात सेकंदांनंतर तर एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या नेमका मध्ये पडेल आणि ऐकणाऱ्याला दोन माणसे एकाच उखळात मुसळे घालीत आहेत, पण त्यांचा मेळ बसत नाही, असे वाटेल. म्हणून डीजे एका कानाने लोकांना ऐकू येणारे गाणे ऐकतो आणि दुसऱ्या कानाने हेडफोनमधून पुढचे गाणे ऐकतो. तो पुढच्या गाण्याची गती किंचित कमी-अधिक करून दोन्ही ठोके एकमेकांवर बसवितो आणि मग हळूच एकाचा आवाज उतरवून दुसऱ्याचा चढवितो. पूर्वी तबकड्यांच्या काळात हे सारे कान आणि बोटे यांच्या बळावर करावे लागे, आणि त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागे. आताच्या यंत्रांवर त्यासाठी एक बटण असते. ते दाबले, की दोन्ही ठोके क्षणार्धात जुळतात. मग डीजेच्या हाती उरते ती निवड : कोणते गाणे, कोणत्या क्षणी, किती वेळ. ही निवड समोरच्या माणसांकडे पाहून केली, तर तीही एका परीने साथच होय. घरूनच क्रम लावून आणला असेल, तर तो तरुण नसला तरी चालले असते.

महोत्सवांच्या विशाल रंगमंचावर मात्र अडचण वेगळीच असते. तेथे संगीताबरोबर शेकडो दिवे रंग पालटतात, मागच्या पडद्यावर चित्रे धावतात, ठरावीक ठोक्याला आतषबाजी उडते. हे सर्व सेकंदाच्या हिशेबाने आधी बांधलेले असते. वादकाला वाटले, की लोक रंगात आले आहेत, आणखी आठ ठोके येथेच रेंगाळावे, आणि तो खरोखरच रेंगाळला, तर आतषबाजी भलत्याच ठिकाणी उडेल. म्हणून पुष्कळ वादक सबंध कार्यक्रमच आधी तयार करून आणतात. कार्यक्रम जितका भव्य, तितके वादकाचे हात अधिक बांधलेले, असा हा उलटा न्याय आहे. कॅनडातील जोएल झिमरमन हे ‘डेडमाऊस’ या नावाने ओळखले जाणारे या क्षेत्रातील अतिशय प्रसिद्ध कलावंत. त्यांनी २०१२ साली स्वतःच उघडपणे लिहिले, की अशा कार्यक्रमांत आपण सारे मुख्यतः सुरू करण्याचे बटण दाबतो. संगणकाची आणि संगीतयंत्रांची थोडीफार माहिती असलेल्या कोणालाही तासाभरात हे शिकविता येईल. आपले खरे काम घरी, संगीत रचताना होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर मोठा गदारोळ उडाला. आम्ही तसे नाही, आम्ही खरोखर हाताने वाजवितो, असे सांगणारे अनेक जण पुढे आले, आणि त्यांतील पुष्कळांचे म्हणणे खरेही होते. काही वादक संगीताचे लहान लहान तुकडे तयार ठेवतात आणि कोणता तुकडा केव्हा सोडावा, किती वेळ फिरवावा, हे तेथल्या तेथे ठरवितात. यासाठी बर्लिनच्या एका कंपनीने २००१ साली काढलेला संगणकाचा कार्यक्रम फार वापरला जातो; त्याचे नावच ‘लाइव्ह’, म्हणजे जिवंत, असे आहे! नाव जिवंत असले, तरी त्यात निर्जीव आणि सजीव अशी दोन्ही कामे करता येतात. ते वापरणाऱ्यावर अवलंबून असते.

आधी तयार केलेले संगीत वाजविले, की ती फसवणूकच झाली काय? तसेही म्हणता येत नाही. आपल्या चित्रपटांचेच उदाहरण घ्यावे. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. तीत हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित संगीतकार होते आणि दुर्गा खोटे यांनी तारामती साकारली. त्या काळी पडद्यावर गाणारा नट चित्रीकरणाच्या वेळी स्वतःच गात असे. साथीदारांना कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसवून सारे एकदम टिपले जाई. पुढे १९३५ सालापासून गाणे आधी मुद्रित करून नटाने त्यावर ओठ हलविण्याची पद्धत आपल्या देशात सुरू झाली. आज नायिकेच्या तोंडी लता मंगेशकर किंवा आशा भोसले यांचा आवाज ऐकताना कोणालाही फसल्यासारखे वाटत नाही. गाणारी निराळी आहे, हे सर्वांना ठाऊक असते आणि गायिकेचे नाव श्रेयनामावलीत दिलेले असते.

याउलट गोष्ट ‘मिली व्हॅनिली’ या जोडीची. हे दोन तरुण १९८९ साली युरोप-अमेरिकेत अत्यंत लोकप्रिय झाले होते. त्या वर्षी अमेरिकेतील एका कार्यक्रमात ते गात असताना मागे वाजत असलेले मुद्रण अडकले आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागली. ते गोंधळून रंगमंच सोडून पळाले. तरीही १९९० च्या फेब्रुवारीत त्यांना ग्रॅमी हा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ध्वनिमुद्रिकेतील आवाज त्यांचा नसून दुसऱ्याच गायकांचा आहे, असे उघड झाले आणि पुरस्कार परत घेण्यात आला. त्या दुसऱ्या गायकांना आधी ना नाव मिळाले, ना मान. फसवणूक होती ती येथे.

जर्मनीतील ‘क्राफ्टवेर्क’ हा वाद्यवृंद याहून मोकळ्या मनाचा म्हटला पाहिजे. १९७० साली स्थापन झालेल्या या वृंदाने इलेक्ट्रॉनिक संगीताचा पाया घातला. त्यांच्या मैफलीत यंत्रमानवांवरील एका गाण्याच्या वेळी वादक रंगमंचावर नसतातच. त्यांच्या जागी त्यांच्यासारखे दिसणारे यांत्रिक पुतळे हातवारे करीत उभे असतात. यंत्र वाजवीत आहे, हे ते श्रोत्यांपासून लपवीत नाहीत, उलट हसत हसत दाखवितात. श्रोतेही टाळ्या वाजवितात.

मंठ्याच्या बँडमास्तराला मात्र या वादाचे हसू येत नाही. त्याच्या बँडमध्ये दहा-पंधरा माणसांना काम मिळते. टेम्पोबरोबर दोन-तीन माणसे पुरतात. लग्नसराईचे चार-पाच महिने हेच बँडवाल्याच्या कमाईचे दिवस. वरपक्षाने टेम्पो ठरविला, की पंधरा घरांची त्या दिवसाची मिळकत बुडते. क्लॅरिनेट शिकावयास कित्येक वर्षे जातात आणि उन्हाळ्यात रोज चार-चार तास फुंकून ओठ सोलवटतात. एवढे करून पुढे काम मिळेल याची खात्री नसेल, तर घरातील पोराच्या हाती ते वाद्य कोण देईल? काही बँडवाल्यांनी आता सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅड हातगाडीवर चढवून आपल्या ताफ्यात घेतले आहेत. गाडीमागे जनित्र धडधडत असते आणि पुढे मास्तर क्लॅरिनेट वाजवीतच असतो.

अशी एक वरात रस्त्याने चालली असता समोरून एस. टी. बस येते आणि सारे थांबतात. गाणे संपावयास आले आहे, पण नवरदेवाची आजी नुकतीच नाचावयास पुढे आलेली आहे. मास्तराच्या ते ध्यानात येते. तो मान वळवून ऑक्टोपॅडवाल्याला डोळ्यांनी खुणावतो आणि धृपदाची ओळ पुन्हा घेतो. पुन्हा एकदा घेतो. लय थोडी उतरवितो, कारण आजीचे गुडघे दुखतात. मागच्या टेम्पोवरील तरुणही हे पाहत असतो. त्याच्या यंत्रातील गाणे अजून दीड मिनिट तरी त्याच वेगाने धावणार असते. तो एका बटणावर बोट ठेवतो, चार ठोक्यांचा एक तुकडा पकडतो आणि तोच पुन्हा पुन्हा फिरवीत ठेवतो. मग गतीची पट्टी हळूहळू खाली ओढू लागतो. त्याची नजर यंत्रावर नसते. आजीच्या पायांवर असते.